अकरा महिन्यांची खोली

डंडॉक, ११ जानेवारी २०२६

आत्या,

आणि वर सगळ्या वस्तीत सांगत सुटलीस की पोरगा आयर्लंडात खोऱ्याने पैसे ओढतो आणि घरच्या स्लॅबचं नाव काढलं की बहिरा होतो! दोघांनी मला फोन करून विचारलं, काय रे, आत्याला विसरलास का म्हणून. अगं, खोरं माझ्या हातात आहे हे खरं, पण त्याने मी सिमेंटचा माल कालवतो. आणि बहिरं आपल्या दोघांत कोण आहे ते देवाला माहीत. फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडलो की खाली घरमालकीण नोरीनबाई घाबरून जिन्यात येतात, त्यांना वाटतं घरी कोणी गेलं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. चष्मा लाव, बोटाने मोठा कर, आणि अर्ध्यात सोडून उत्तर देऊ नकोस.

एकदाच सांगतो, मग पुन्हा विचारू नकोस. गाव लहान आहे. भर बाजारात दुपारी माणूस शोधावा लागतो. तरी राहायला जागा नाही. का, तर भरभराट झालीय! ऑनलाइन पैशांची एक मोठी कंपनी आहे, तिची ऑफिसं. कॉलेजची पोरं. शिवाय डब्लिनला घर परवडत नाही म्हणून इथे येऊन रोज रेल्वेने जा-ये करणारे. पगार वाढले, हॉटेलं वाढली, घरं तेवढी वाढली नाहीत. आम्ही बांधतो ती घरं गिलावा वाळायच्या आत विकली जातात. मी ज्या भिंतीवर थापी टाकतो ती आधीच दुसऱ्याची झालेली असते. आमचा फोरमन डेक्लन, याच गावचा, चाळिशीचा बाप्या, बायकोपोरांसकट आईच्या घरी राहतो. आयुष्यभर घरं बांधली त्याने. मग माझं काय घेऊन बसलीस?

मला खोली मिळाली हेच नशीब. नोरीनबाई सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेलेला, मुलगा ब्रेंडन तिकडे गॉलवेला, दवाखान्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. नुसतं नोरीन म्हण म्हणतात, पण माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून मी बाई लावतो. त्यांना वाटतं ते माझ्या भाषेतलं 'मॅडम' असेल. वरची मागची खोली दिली, महिना साडेपाचशे युरो. बाहेर अशा खोलीला आठशे पडतात. कागद नाही, करार नाही. हातात हात दिला आणि म्हणाल्या, "ग्रँड. बघू कसं जमतं." इथे सगळं ग्रँडच असतं, पाऊस पडत असला तरी. मी फोडणी दिली की त्या खिडकी उघडतात, आणि भाजी झाली की वाटी घेऊन येतात.

फेब्रुवारीअखेर तुझ्या भाडेकरूंसारखे माझेही अकरा महिने भरतात. मग बघायचं कुठे जायचं ते. तेव्हा स्लॅबच्या चार लाखांचं नाव काढू नकोस. महिन्याचे पन्नास हजार पाठवतो ते पाठवतो.

तुझा, वस्तीत बदनाम,
प्रताप


चाकण, २५ जानेवारी

प्रताप,

तुझं पत्र बोटाने ओढून ओढून वाचलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते अक्षरामुळे. नववीत मास्तरांनी तुला उगीच नापास केलं नव्हतं.

वस्तीत मी एवढंच म्हणाले की पोरगा जगाची घरं बांधतो आणि आत्याच्या डोक्यावर स्लॅब नाही. यात खोटं काय ते सांग. आपली जमीन कंपन्यांना गेली, त्या पैशातून ह्यांनी सहा खोल्या काढल्या आणि भाडं सुरू व्हायच्या आत हेच गेले. त्या सहा खोल्यांनी तुला वाढवला. आता पलीकडच्या माळावर बॅटऱ्यांची नवी कंपनी येतेय. साडेचार हजारांची खोली साडेसहाला जाईल, एजंट आत्ताच दारात उभे राहायला लागलेत. वर चार खोल्या चढवल्या तर तुला तिकडे थंडीत भिंती सारवत बसावं लागणार नाही. मी माझ्यासाठी मागतेय का? माझी हाडं एका खोलीतही मावतात.

भाडेकरूंचं म्हणशील तर सगळं सुरळीत आहे. पाच नंबरमधल्या सारंग आणि ईशानीचेही अकरा महिने फेब्रुवारीतच भरतायत. नांदेडकडची पोरं. तो कंत्राटी कामगार, तिला सातवा लागलाय. सारंग म्हणाला, "मावशी, बाळंतपण होईस्तोवर राहू द्या ना." मी म्हटलं, बाबा, नियम तो नियम. शिरीष वकिलांनी ह्यांना सांगून ठेवलंय, अकरा महिन्यांवर भाडेकरू राहिला की चिकटला. खोली रिकामी झाली पाहिजे, कुलूप लागलं पाहिजे. इतक्या वर्षांत मी कोणाला सूट दिली नाही, म्हणून कोणाशी कोर्टकचेरी नाही.

आता तुझं. अकरा महिने भरतायत म्हणालास, तर शहाण्यासारखं वाग. मालकिणीला 'नीघ' म्हणायची पाळी आणू नकोस. ते म्हणताना मालकाच्याही जिवावर येतं, हे तुला कळणार नाही, मला कळतं. विचारतही बसू नकोस, राहू का म्हणून. विचारलं की ती बिचारी तोंडावर नाही कशी म्हणेल? आपलं आपण निघायचं. खोली मिळाली त्याहून बरी करून द्यायची, भिंती पांढऱ्या करून. किल्लीबरोबर रिकामा हात देऊ नये. तुझ्यामागे कोणी म्हणायला नको की या पोराला वळण नव्हतं.

आणि पत्रात पाऊस, फोरमन, डब्लिन सगळं लिहिलंस, जेवतोस काय ते लिहिलं नाहीस.

तुझी,
आत्या


डंडॉक, २ मार्च

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. नोरीनबाई मुलाकडे गॉलवेला गेल्या होत्या, तेवढ्यात उरकलं. छताला जुनी भेग होती ती भरली, सगळ्या खोलीला पांढरा हात मारला, खिडकीची बिजागरी कुरकुरायची तिला तेल घातलं. गादी उलटी करून ठेवली. खाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर किल्ली ठेवली, शेजारी एक नारळ, आणि कागदावर 'थँक यू' लिहिलं. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी त्या वेळी आलं नसतं. निघताना दार ओढलं आणि उगाच परत ढकलून बघितलं, लागलंय ना.

नवी जागा मिळाली आहे. काळजी करू नको. एकदम शांत. कामाच्या इतकी जवळ की दारातून पाय बाहेर टाकला की कामावर. भिंती उत्तम, त्याची मी स्वतः खात्री देतो. शेजार अजून आलेला नाही. ग्रँड आहे.

जेवतो भात-आमटी.

प्रताप


चाकण, १५ मार्च

प्रताप,

लग्न झाल्यापासून मी भाडेकरू बघतेय. जो भाडेकरू खोली फार छान आहे म्हणतो त्याचं भाडं थकलेलं असतं, आणि जो शांत आहे शांत आहे म्हणतो त्याला तिथे राहायची भीती वाटत असते. तुझ्या पत्रात भाडं किती ते नाही. मालक कोण ते नाही. शेजार आलेला नाही म्हणजे काय रे? माणसं नसलेल्या घरात कोण राहतं? वॉचमन राहतो. खरं लिही.

आणि नारळ! अरे सोन्या, नारळ हातात देतात तो कामावरून काढलेल्याला. तू घरमालकिणीलाच नारळ देऊन आलास? मी रिकामा हात नको म्हटलं, तर पेढे नाही मिळाले का त्या गावात? वस्तीत कोणाला सांगायचीही सोय नाही. मी एकटीच हसले, मग वाईट वाटलं.

इकडे सारंग आणि ईशानी एक तारखेला गेली. भोसरीला त्याच्या भावाकडे. तिथे एका खोलीत आधीच पाच माणसं आहेत म्हणे. जाताना तिने फरशी अशी लखलखीत पुसली की मला पाय ठेववेना. पाया पडली. तिला वाकता येत नव्हतं, तरी वाकली. मी म्हटलं, अगं राहू दे, राहू दे. तर म्हणाली, "असू दे मावशी, वरचेवर कोण भेटतं." असो. खोलीला रंग काढलाय. दोन पोरं साडेसहा द्यायला तयार आहेत, हो म्हणालेले नाही अजून. रंग वाळू दे.

खरं लिही म्हणतेय ना.

आत्या


डंडॉक, ३० मार्च

आत्या,

बरं, लिहितो. बसून वाच.

नवी जागा म्हणजे आमच्याच साइटवरचं घर. काम संपत आलेलं, कोणी राहायला न आलेलं. भिंती उत्तम म्हणालो ते खोटं नव्हतं, त्या मीच केल्यात. हीटर नाही, दिवे नाहीत, पाणी होतं. दिवसा अंथरूण प्रेसमध्ये ठेवायचो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. डेक्लनला माहीत होतं. रोज सकाळी मी आधीच हजर बघून एकदा म्हणाला, "तुझ्याएवढा वेळेवर येणारा माणूस मी पाहिला नाही," आणि दुसरीकडे बघायला लागला. वरच्या साहेबांना कळलं असतं तर इथे काम करायचं परमिटच गेलं असतं, हेही मला माहीत होतं.

खोल्या बघितल्या नाहीत असं नको समजूस. एका खोलीसाठी फुटपाथवर लायनीत उभे राहतो आम्ही. हातात पगाराचे कागद, जुन्या मालकाची चिठ्ठी. तू मला शिकवलंस न विचारता निघायला, आणि इथे पहिला प्रश्न असतो, आधीची जागा का सोडली, मालकिणीचा नंबर दे. मी म्हणायचो, अकरा महिने झाले. ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी तुरुंगातून सुटलोय.

मग एका शनिवारी ते घर घेणारेच आले, ताबा घ्यायच्या आधी काय अर्धवट राहिलंय ते बघायला. मी जिन्याखाली कोपरा घासत होतो. बाईंनी वरचा प्रेस उघडला. आतून आवाज आला, चक्क मराठीत, "अरे उपेंद्र, इथे कोणाची तरी गादी आहे! आणि पोहे!"

आता काय करणार. मी खालूनच म्हणालो, "माझे आहेत, ताई."

तो उपेंद्र जिन्याच्या कठड्यावरून वाकला. पुण्याचा, कोथरूडचा. त्याच पैशांच्या कंपनीत कामाला. म्हणाला, "तीन वर्षं झाली मित्रा. तीन वर्षं आम्ही या घरासाठी लायनीत आहोत, दोघं कमावतो तरी बँक दारात उभं करत नव्हती. आणि पहिली रात्र तू झोपलास?"

त्याची बायको मेधाताई म्हणाली, "झोपला ते झोपला. दूध उतू घातलं नाहीस ना रे? ते मला घालायचंय."

मी म्हटलं, "नाही ताई. दूधच नव्हतं."

यावर दोघं हसली, आणि मग मेधाताई हसायची थांबली. साइटवर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांच्या भाड्याच्या घरी सोफ्यावर आहे. त्यांचा बारका मला इंग्रजीत विचारतो, तू आमच्या भिंतीवाला आहेस का? पण एप्रिलअखेर मेधाताईचे सासू-सासरे पुण्याहून येतायत. तोवर मला निघायला पाहिजे.

आता खरं सांगायचं ते सांगतो. काल माझं परमिटचं पाकीट जुन्या पत्त्यावर आलं असेल म्हणून नोरीनबाईंकडे गेलो. फाटकाजवळ पाटी रोवलेली. घर विकायचं आहे.

दार उघडल्यावर त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आलास? आता सांग, माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, तुमचं काही नाही.

"मी खिडकी उघडायचे म्हणून गेलास?"

"नाही हो. अकरा महिने झाले."

"कशाचे?"

"राहून."

"बरं मग?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे अकरा महिने झाले की निघायचं असतं, आणि मालकाने सांगायच्या आधी निघायचं असतं. त्यांनी विचारलं, कायदा आहे का? मी म्हटलं, माहीत नाही, आत्या आहे. आधी त्या हसल्या. मग टेबलाशी बसल्या. नारळ अजून तिथेच होता, त्यांनी तो फळांच्या टोपलीत ठेवलाय, कसा फोडायचा ते कळलं नाही म्हणून. म्हणाल्या, "गॉलवेहून आले तर घर पांढरं स्वच्छ आणि रिकामं. मला वाटलं, पोराला इतकं नकोसं झालं की त्याने आपली खूणसुद्धा ठेवली नाही."

ब्रेंडन दोन वर्षं मागे लागलाय की घर वीक, भाव चढलाय, असा भाव पुन्हा येणार नाही, माझ्याजवळ येऊन राहा. त्या म्हणायच्या, घरात प्रताप आहे, त्याला कसं काढू? मी गेल्यावर त्यांच्याकडे सांगायला काही राहिलं नाही. त्यांनी हो म्हटलं. मधे कितीतरी जणांनी खोलीसाठी फोन केले, त्यांनी दिली नाही. पुढच्या आठवड्यात लोक घर बघायला येणार आहेत.

मला 'विकू नका' म्हणता आलं नाही. मी कोण? भाडेकरू. पाकीट घेतलं आणि निघालो. त्या दारात उभ्या होत्या.

तू मालकीण आहेस. मालकिणीशी कसं बोलायचं ते तूच सांग.

प्रताप


चाकण, १ एप्रिल

प्रताप,

तुला रागवायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. सगळीकडे माझाच सल्ला दिसायला लागला. थंडीत, बिनदिव्याच्या घरात झोपलास आणि मला लिहितोस ग्रँड. ते ग्रँड पुन्हा लिहिलंस तर बघ.

खाली नोरीनबाईंसाठी लिहिलंय. तुझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नाही, मेधाला इंग्रजीत करून वाचायला सांग. जसंच्या तसं. गाळलंत तर मला कळेल.

"नोरीनबाईंना नमस्कार. मी प्रतापची आत्या, पद्मिनी. माझ्याही सहा खोल्या आहेत, म्हणजे आपण एकाच धंद्यातल्या. पोरगा तुम्हाला कंटाळून गेला नाही, माझं ऐकून गेला. आमच्याकडे मालकाला भीती असते की माणूस फार दिवस राहिला तर घर बळकावेल. म्हणून आम्ही महिने मोजतो. त्याला वाटलं सगळ्या जगात मालक असेच असतात, कारण त्याने पाहिलेली मालकीण मी. त्याने खोली पांढरी केली ती तुमचा मान म्हणून. नारळही मान म्हणूनच. दगडावर आपटला की फुटतो, आतलं खोबरं गोड असतं.

घर विकायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मुलगा आईला जवळ बोलावतो, त्याला वाईट म्हणू नये. पण पोरगा सोडून गेला म्हणून विकत असाल तर तसं नाही. तो एका घरावरून दुसऱ्या घरावर उड्या मारणारा आहे, लहानपणापासून कुठे टिकला नाही, शाळेत टिकला नाही, दुबईत टिकला नाही. तुमच्याकडे टिकला. माझे हे गेल्यापासून माझ्या सहा खोल्यांत कोणी खोकतं, कोणी भांडी आपटतं, म्हणून मला झोप लागते. तुम्हाला हे मी सांगायला नको.

तो मोठ्याने बोलतो, ते मला कमी ऐकू येतं म्हणून. फोडणीला खिडकी उघडत जा, मीही उघडते.

आणि एक, धंद्यातली म्हणून सांगते. तुम्ही भाडं फार कमी घेता. बाहेर आठशे चाललेत तर साडेपाचशे कशाला? पन्नास तरी वाढवा."

एवढंच.

काल पत्र वाचून झाल्यावर रिक्षा केली आणि भोसरीला गेले. सारंग कामावर होता. ईशानी जिन्यात बसली होती, आत बसायला जागा नव्हती म्हणून. मला बघून घाबरली, म्हणाली, "मावशी, भाडं राहिलं होतं का काही?" मी म्हटलं, भाडं नाही, रंग वाळलाय, चल. ती दोन पोरं साडेसहा घेऊन दुसरीकडे गेली. शिरीष वकिलांना सांगितलं, तर म्हणाले, काकू, चिकटेल हं. म्हटलं, चिकटू दे, पोटुशी बाई किती चिकटेल?

पत्र लगेच वाचून दाखव. लोक घर बघायला यायच्या आत.

आत्या


डंडॉक, १९ एप्रिल

आत्या,

उशीर झाला लिहायला, पण सामान हलवत होतो. हो, तिथेच.

पत्राचं सांगतो. मेधाताईला घेऊन गेलो. नोरीनबाईंनी चहा टाकला, चांगले कप काढले, जसे पाहुण्यांना काढतात तसे. मेधाताई वाचत होती आणि मी टेबलाखाली बूट बघत होतो. 'आपण एकाच धंद्यातल्या' ला त्या हसल्या. खोकणाऱ्या माणसांचं आलं तेव्हा उठून किटलीकडे गेल्या, किटलीत पाणी होतं तरी पुन्हा भरली. मी शाळेत टिकलो नाही, हे तू आयर्लंडभर करायची गरज नव्हती.

शेवटचं भाड्याचं वाक्य आलं तशी मेधाताई थांबली. मी मराठीत पटकन म्हटलं, "ताई, तेवढं राहू द्या."

नोरीनबाई म्हणाल्या, "काय म्हणतोय तो?"

मेधाताई म्हणाली, "म्हणतोय हे वाचू नका."

"मग आधी तेच वाच."

वाचलं. मला वाटलं वाईट वाटेल त्यांना. तर टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "कधीपासून शेजारपाजारचे मला तेच सांगतायत, पण याच्या तोंडावर बोलायची मला लाज वाटायची! बाई शहाणी आहे."

त्याच संध्याकाळी त्यांनी ब्रेंडनला फोन केला. मी निघायला उठलो तर म्हणाल्या, बस. सगळं कळलं नाही मला, पण 'नाही, यंदा नाही' हे तीनदा कळलं. तो चिडलाय. त्याचंही खरं आहे, भाव असाच राहील कोणी सांगितलं? ऑनलाइनवाली कंपनी उद्या दुसरीकडे गेली तर या घराला कोण विचारतं? पुढच्या वर्षी काय होईल ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. पण घर बघायला येणारे आले नाहीत, आणि पाटी मी स्वतः उपटून गवतावर आडवी केली.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीला विचारलं, आत्या. "किती महिने राहू?"

म्हणाल्या, "मोजतोस कशाला? तुला जायचं झालं तर मला तोंडाने सांग. मला घर विकायचं झालं तर मी तुला सांगीन. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं म्हणे. मी भांडी घासायला उठलो.

उपेंद्र आणि मेधाताईला किल्ल्या मिळाल्या. दूध तिने उतू घातलं, शेगडीवर सांडलं, नव्या शेगडीचं वाटोळं झालं म्हणून नवरा बायको भांडली, अगदी घर झालं बघ लगेच. मी गेलो होतो. हॉलच्या भिंतीवर हात फिरवला तर तो म्हणाला, आता फुकट झोपायला मिळणार नाही हं.

ईशानीच्या मुलीचा फोटो आला. नाक सारंगचं आहे, बिचारीचं. पाच नंबरचा पत्रा पावसाळ्यात वाजतो, बाळ झोपणार नाही. चार खोल्यांचा स्लॅब आत्ता जमणार नाही, हे माझं अजून तेच आहे, वस्तीत खुशाल सांग. पण पाच नंबरवरचा पत्रा आधी बदल आणि खालून छत मारून घे. गिलावा कोणाकडून करून घेऊ नकोस, डिसेंबरात येतोय, मी करीन. निघायच्या आधी नोरीनबाईंना सांगून येईन, परत येतोय म्हणून.

तुझा,
प्रताप

ता.क. तू पन्नास सांगितलेस, बाईंनी साठ वाढवले. म्हणाल्या, दहा सल्ल्याचे. तेव्हा यापुढे पैसे कमी आले म्हणून कोणाकडे तक्रार करायची असेल तर ती स्वतःकडेच कर. पत्र्याचे वेगळे काढून ठेव, भाजीत घालू नकोस. महिन्याच्या पन्नास हजारांतून तुझी भाडेवाढ वजा करून आज टाकलेत, चव्वेचाळीस हजार रुपये.